पुढचे दोन नवे

आमची गाडी पेट्रोल पिते, हे साऱ्या गल्लीला माहीत होतं. किती पिते हे फक्त सुनेला माहीत होतं, कारण टाकी तीच भरायची. आणि का पिते हे कोणालाच माहीत नव्हतं, पण सांगायला सगळे पुढे. शेजारचे मास्तर म्हणायचे, गाडी म्हातारी झाली. मी म्हणायचे, म्हातारपणी माणसाचं खाणं कमी होतं, हिचं वाढलं कसं?

गाडी माझ्या मुलाची. तो बोटीवर असतो. पाण्यावर राहणाऱ्या माणसाला गाडी कशाला हवी, पण हौसेला मोल नाही. घेतली तीही जुनी, चारही चाकांनी ओढणारी. साध्या गाडीत दोन चाकं राबतात आणि दोन नुसती बरोबर येतात, आमच्या घरातल्या पुरुषांसारखी. हिच्यात चारही राबतात. चढ असो, चिखल असो, ही अडत नाही. म्हणून सून ती डोंगरावर नेते.

सून नर्स आहे. दवाखान्यात खुर्चीवर बसणारी नव्हे. घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्यांच्या जखमा धुते, पट्ट्या बदलते, सुया टोचते. बस जिथून मागे फिरते त्याच्याही वर, खिंडीपलीकडे, एकेकटी घरं आहेत. तिथल्या म्हाताऱ्यांना दिवसभरात दुसरं माणूस दिसत नाही. हिच्या गाडीचा आवाज आला की कड्या काढून बसतात.

एक दिवस ती कामावरून आली आणि बूट न काढता तशीच स्वयंपाकघरात येऊन बसली. एरवी मी ओरडले असते. पण तिचा चेहरा बघून गप्प राहिले.

"आई, वरचा फेरा बंद करतायत."

"कोण?"

"ऑफिस. म्हणे, एवढं पेट्रोल परवडत नाही. महिनाअखेरपर्यंत बघते म्हणाल्या बाई. नाहीच कमी झालं, तर वरच्या पेशंटांनी खाली यायचं."

"खाली? ज्याला कूस वळता येत नाही, तो डोंगर उतरून येणार? तुमच्या बाईंना सांग, आधी तुम्ही वर जाऊन दाखवा."

"सांगितलं."

"मग?"

"मग काही नाही. त्यांनी चहा मागवला."

मी पडदे शिवते. पडदे, उशांचे अभ्रे, गाद्यांच्या खोळी. त्या वेळी टेबलावर पडद्याचं कापड पसरून कात्री चालवत होते. "आणि फेरा बंद झाल्यावर तुझं काय?" मी विचारलं.

ती बुटाच्या नाडीकडे बघत म्हणाली, "मोठ्या ऑफिसात घेतायत मला. शहरात. टेबलावरचं काम आहे. राहायला खोली देतात."

"चांगलं आहे की," मी म्हणाले. "शहरात लिफ्ट असेल. गुडघे तरी वाचतील."

कात्री पुढे गेली ती तिरकी गेली. माझ्या हातचं कापड तिरकं गेलेलं आजवर कोणी पाहिलेलं नाही. ते मी दुमडून खाली सारलं.

जाऊ नकोस, एवढं म्हणायला किती वेळ लागतो? पण मी सासू. सुनेला दावं लावून बांधून ठेवणाऱ्या सासवा मी पाहिल्या आहेत, आणि त्यांना नावं ठेवण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं आहे. तरण्या पोरीने आमच्या दोघांच्या खोकल्याला सोबत म्हणून इथे राहावं, असं मी कोणत्या तोंडाने म्हणणार? म्हणून मी ठरवलं, तिला अडवायचं नाही. गाडीला धरायचं.

दुसऱ्या दिवशी मी बारक्याला बोलावलं.

बारक्या दारातून येताना खांदे तिरके करून येतो, एवढा रुंद आहे. आमचे हे लॉरी चालवायचे, तेव्हा हा त्यांचा क्लीनर होता, काडीपैलवान. नाव तेव्हा पडलं, अंग नंतर भरलं. आता त्याचं स्वतःचं गॅरेज आहे, पण ह्यांच्यासमोर अजून हात मागे बांधून उभा राहतो. ह्यांना उस्ताद म्हणतो, मला वहिनी.

त्याने मागचं दार उघडलं आणि आत बघतच राहिला.

"वहिनी, हे काय आहे?"

"कुठे काय?"

"दोन गोधड्या, फावडं, दोरखंड, पाण्याचे कॅन, घडीची खुर्ची, आणि हा... हा स्टोव्ह आहे का?"

"वर कुठे गाडी बंद पडली तर पोरगी काय करेल? थंडीत कुडकुडत बसेल?"

"वहिनी, वर लोक राहतात. त्यांच्या घरी स्टोव्ह आहेत."

"लोकांच्या स्टोव्हचा काय भरवसा?"

"हे सगळं रोज डोंगर चढतं आणि रोज उतरतं. त्याचं पेट्रोल कोण देतं?"

ह्यांना हसू आलं. मी ह्यांच्याकडे बघितल्यावर थांबलं. सामान मी उतरवलं, पण एक गोधडी ठेवली. बारक्याने दुसरी उचलली होती म्हणून पहिली दिसली नाही त्याला.

मग टपावरचा कॅरिअर काढला. मुलगा मागच्या सुट्टीत लावून गेला होता, एकदा कपाट आणलं त्याच्यावरून, तेव्हापासून नुसता वारा अडवत उभा. हवेची जाळी काढली तर ती झाडलेल्या पायपुसण्यासारखी. नवी बसवली. चाकांत हवा कमी होती ती भरली. सुनेला सांगितलं, चढावर पाय दाबून धरायचा नाही, गाडीला दम घेत घेत चढू द्यायचं. तिने सगळं ऐकलं. त्या आठवड्याची टाकी भरून आली आणि म्हणाली, "फरक आहे."

"किती?"

"तुम्ही चहात साखर कमी करता तेवढा."

म्हणजे नव्हताच म्हणा की.

पुन्हा बारक्या आला. हे केस कापायला गेले होते. सून नुकतीच खिंडीतून उतरली होती, हातपाय धूत होती, गाडी अंगणात गरम उभी. बारक्या फटकुर टाकून गाडीखाली सरकला. बराच वेळ नुसते त्याचे बूट दिसत होते. मग आतून आवाज आला.

"वहिनी, तुमची मापाची टेप आहे का?"

"आहे. पण तिला तुझे हात लागणार नाहीत."

"मग तुम्ही मापा."

"काय?"

"टायर. एकेकाच्या भोवती टेप फिरवा."

आता मी आयुष्यात कोणाकोणाची मापं घेतली नाहीत? खिडक्यांची घेतली, सोफ्यांची घेतली, आमच्या जाऊबाईंची घेतली, त्या तर श्वास आत ओढून खोटी द्यायच्या. पण गाडीची कंबर कधी मापली नव्हती. बारक्याने जॅक लावून एकेक चाक उचललं, मी टेप फिरवली. मागची दोन सारखी. पुढची दोनही सारखी. पण पुढची मागच्यापेक्षा चांगली दीड बोट जास्त भरली.

"पुन्हा घ्या," बारक्या म्हणाला.

"माझं माप पुन्हा घ्यायला सांगणारा तू पहिलाच," मी म्हणाले. पण पुन्हा घेतलं. तेवढंच.

बारक्या उठून बसला. तोंडावर काळं तेल, आणि त्यामागचा चेहरा पडलेला. "पुढचे नवे आहेत, मागचे झिजलेले," तो म्हणाला. "दुसऱ्या कुठल्या गाडीला चाललं असतं. हिची चारही चाकं आतून एकमेकांना बांधलेली आहेत. मागचं चाक लहान, त्याला जास्त फिरावं लागतं. पुढचं मोठं, ते कमी फिरतं. बरोबर राहायला हवं आणि राहता येत नाही. सगळी ताकद आपापसातल्या ओढाताणीत जाते. बघा, चाकं जोडणारं खालचं कपलिंग किती तापलंय, तेलाचा वास येतोय."

मला लगेच कळलं. दोन कापडं एकावर एक धरून शिवताना वरचं दीड बोट जास्त असलं, तर सुई पुढे जाते आणि चुण्या पडत जातात. शेवटी ओढून ताणून बसवलं तर कुठे तरी फाटतं.

"मग एवढ्यासाठी तोंड का पाडतोस?" मी म्हणाले. "बदल टायर."

"वहिनी," तो म्हणाला, "पुढचे दोन कोणी आणलेत?"

तेव्हा माझंही तोंड पडलं.

पुढचे दोन ह्यांनी आणले होते.

डोळे अधू झाले तसं ह्यांनी स्वतः जाऊन लायसन परत केलं. कोणी सांगितलं नव्हतं. ऑफिसातून आले आणि घरात पाहुण्यासारखे बसायला लागले. पाणी हवं असलं तरी विचारायचे, घेऊ का? ज्या माणसाने लॉरीला हाका मारत डोंगर पालथे घातले, तो खिडकीशी बसून लोकांच्या गाड्या वळताना बघायचा आणि ओठातल्या ओठात म्हणायचा, आता गिअर, आता गिअर. मग एक दिवस बारक्याच्या गॅरेजमधून हे दोन टायर घेऊन आले, स्वतःच्या साठवणीतून. स्वतः बसवले. सुनेला बोलावून म्हणाले, "पुढची चाकं नवीच हवीत. स्टेअरिंग ज्यांच्यावर, त्यांना धड जोडा हवा. तू वर जातेस, घरी मला घास गेला पाहिजे ना." त्या दिवशी त्यांनी पाणी न विचारता घेतलं.

लॉरीला ते खरंच आहे. पुढे नवं, मागे जुनं. सारी हयात त्यांनी तेच केलं.

"तू विकलेस ना त्यांना?" मी बारक्यावर घसरले. "तेव्हा तुझी अक्कल कुठे गेली होती?"

"मी बाहेर होतो, पोराने दिले. आणि असतो तरी... उस्तादांना मी सांगणार? टायर कसे लावायचे हे मला त्यांनी कानाखाली मारून शिकवलंय."

"मी सांगते," मी म्हणाले. "माझं तोंड कशाला आहे?"

सून हात पुसत येऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. "आई, जरा बेताने."

"मला शिकवू नकोस."

हे आले. केस बारीक, मान गोरी दिसत होती, मुलासारखी. येताना गाडीच्या पुढच्या चाकावर हात ठेवून आले, लोक घोड्याला थोपटतात तसा. जेवायला बसले. मी तोंड उघडलं.

"भात घ्या अजून थोडा," मी म्हणाले.

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. "घेतलाय ना."

"थोडा घ्या."

दुसऱ्या दिवशी सांगते, असं मी सुनेला खुणेने सांगितलं. दुसऱ्या दिवशी ह्यांनी ओला टॉवेल पलंगावर टाकला. ह्या टॉवेलवरून आमच्यात लग्नापासून लढाई आहे. आणि मी तो उचलला आणि म्हणाले, "असू द्या." तोंडात जे आलं होतं त्याच्या मागे ते टायर उभे होते. एक बोलले असते तर सगळंच बाहेर पडलं असतं, म्हणून मी काहीच बोलेना. चहाचा पहिला कप ह्यांना द्यायला लागले. सून संध्याकाळी जवळ बसून विचारायची, "बाबा, पाय चेपू का?" बारक्या एक दिवस काही काम नसताना संत्री घेऊन आला, ह्यांच्याजवळ बसला, दोनदा घसा खाकरला, आणि उठून गेला. जाताना डोळे पुसले त्याने. रडूबाई मेला.

हे गप्प होत गेले. मग मला शिकवायला लागले. गॅसचा मुख्य कॉक कुठे, फ्यूज कसा बदलायचा, टाकीचा पंप अडला तर कुठे ठोकायचं. मी म्हटलं, उशिरा का होईना घरात लक्ष घालायला लागले. एका सकाळी मुलाशी फोनवर बराच वेळ बोलले, शेवटी म्हणाले, "आईशी नीट वाग, ती मनाने वाईट नाही." हे ऐकून तर माझा तवाच तापला होता. पण तेही मी गिळलं.

इकडे महिनाअखेर जवळ येत होती. सुनेने शहरात न्यायची बॅग काढून उन्हात ठेवली, वास जायला. मी ती सावलीत सरकवली. तिने पुन्हा उन्हात ठेवली.

त्या रविवारी हे सुनेला म्हणाले, "मला एकदा खिंडीपर्यंत नेशील? रस्ता बघून येतो म्हणतो. एकदाच."

"चला ना, बाबा. आई, तुम्हीपण चला."

मी मागे बसले. हे पुढे, सुनेच्या शेजारी. डोळ्यांना अर्धंमुर्धं दिसतं त्यांच्या, पण रस्ता तोंडपाठ. "आता डावीकडे पाण्याची टाकी. आता उतार, लगेच चढ. इथे एकदा माझी लॉरी रात्रभर अडकली होती." पुढे म्हणाले, "चांगला रस्ता आहे गं. चांगला गेला." कोण गेला, रस्ता की काय, मला कळेना.

खिंडीच्या खाली एक वळण आहे, इतकं आखूड की स्टेअरिंग पूर्ण फिरवावं लागतं. सुनेने फिरवलं. गाडी वळता वळता अडखळली, गचके दिले, जसं कोणी मागून पदर धरलाय.

हे ताठ झाले. "थांब."

सुनेने थांबवली.

"मागे घे. पुन्हा वळव. हळू."

तिने पुन्हा वळवली. पुन्हा गचके. ह्यांनी डोळे मिटले होते, दोन्ही हात सीटवर पालथे टेकले होते. मला माहीत आहे ते बसणं. लॉरीत असेच ऐकायचे, बुडाने.

दार उघडून उतरले. वाकून गाडीखाली हुंगलं. पुढच्या टायरच्या खाचेत अंगठा घातला, मग चाचपडत मागे गेले, मागच्या टायरच्या खाचेत घातला. पुन्हा पुढे आले. आम्ही दोघी दोन्ही बाजूंनी उतरून उभ्या होतो, वर्गाबाहेर काढलेल्या पोरींसारख्या.

"ही स्वतःशीच भांडतेय," ते म्हणाले. "चारही बांधलेली आहेत, नाही का हिची? लॉरी नाही ही." आणि थोड्या वेळाने, "पेट्रोल ह्यात जातंय."

सून म्हणाली, "बाबा, थोडंसंच—"

"तुला माहीत होतं?"

तिने मान खाली घातली.

"बारक्याला?"

"हो," मी म्हणाले.

"म्हणून तो संत्री घेऊन आला होता?"

"हो."

"आणि पाय चेपणं? भात घ्या अजून? आणि तो टॉवेल... तू जे 'असू द्या' म्हणालीस, ते ह्या टायरांसाठी?"

"हो, हो, हो! टायरांसाठी!"

हे रस्त्याच्या कडेच्या कठड्यावर बसले. तोंड दोन्ही हातांत. खांदे हलायला लागले. मी ह्यांना रडताना एकदाच पाहिलं आहे, मुलाची बोट पहिल्यांदा सुटली तेव्हा. सून धावली.

ते हसत होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हसत होते. "अगं," ते म्हणाले, "मला वाटलं, मी मरतोय."

"काय?"

"मागे ती रक्ताची तपासणी केली ना, हिनेच रिपोर्ट आणला. मला म्हणाली सगळं ठीक आहे. आणि मग तू गोड बोलायला लागलीस. आधी म्हटलं, तुझंच काही बिघडलं. म्हणून मी टॉवेल मुद्दाम टाकला. बघू म्हटलं. तू उचललास आणि म्हणालीस असू द्या! असू द्या! तेव्हा माझी खात्रीच झाली. म्हटलं, संपलं. तुम्हा दोघींना डॉक्टरांनी सांगितलंय."

"म्हणून ते फ्यूज आणि ते कॉक?"

"मग? माझ्या मागे तू अंधारात बसशील."

"आणि ते 'आईशी नीट वाग'?"

"तेही."

मग मात्र माझ्या तोंडाचा बांध फुटला. आठवडाभर साठलेलं होतं. मी म्हटलं, अहो, अक्कल लॉरीबरोबर विकलीत का? म्हटलं, मी दोन दिवस बरं बोलले तर माणूस थेट सरणावर जाऊन बसतो, म्हणजे माझं बोलणं तुम्हाला एवढं वाईट वाटतं होय? टायर आणायचे तर चार आणावेत, दोन आणले, आणि वर बारशाचा थाट! आणि मरायचं होतं तर मला विचारायचंत, मी परवानगी दिली असती का? आणि तो टॉवेल! टॉवेल मुद्दाम! मी बोलत राहिले. हे कठड्यावर बसून ऐकत होते, उन्हाला पाठ देऊन बसलेल्या मांजरासारखे. कुठल्याशा घरातून एक बाई दारात येऊन बघायला लागली. मी तिलाही सोडणार नव्हते, पण ती सुनेला बघून हात हलवून हसली. हिच्याच पेशंटची मुलगी.

बोलण्याच्या भरात मी सुनेकडे वळले. गाडी उतारावर सुटली की सुटली.

"आणि तू! ती बॅग उन्हातून उचल. शहरात जायचं नाहीस. गाडी पेट्रोल पिवो नाहीतर रॉकेल पिवो. टेबलाशी बसून कागद फिरवायला तुला नर्स केलंय का? आणि संध्याकाळी मी काय ह्या माणसाचं तोंड बघत बसू, टॉवेल मोजत?"

ती माझ्याकडे बघत राहिली. "तुम्ही तर म्हणालात, चांगलं आहे की. लिफ्ट असेल म्हणालात. मला वाटलं, तुम्हाला मी जायलाच हवी आहे. एकदाही राहा म्हणाला नाहीत."

"मी पुष्कळ काही म्हणते. ते सगळं खरं धरायचं असतं का?"

"मग कुठलं धरायचं?"

"हे," मी म्हणाले. आणि दुसरीकडे बघायला लागले, कारण वारा फार होता आणि डोळ्यांत काहीतरी जात होतं.

तिने माझ्या हाताला धरून मला गाडीत बसवलं. मला कोणी हाताला धरलेलं आवडत नाही. त्या दिवशी धरू दिलं.

जुने दोन टायर कुठे गेले, हा प्रश्न होता. "जातायत कुठे," हे म्हणाले. "ड्रायव्हर टायर फेकतो का? मागच्या शेडमध्ये आहेत, पोत्याखाली." तिथेच निघाले. झिजलेले होते, पण मागच्या दोघांइतकेच, चारही एकाच दिवशी लागलेले. बारक्याला बोलावलं. त्याने खाचा बघितल्या आणि म्हणाला, "उस्ताद, ह्यांचं अजून पुष्कळ आयुष्य आहे. डोंगराला काही भीती नाही. काढले कशाला होते?"

"चांगले होते," हे म्हणाले. "पण तिच्यासाठी मला पुरेसे चांगले वाटेनात."

बारक्या मान खाली घालून बोल्ट सोडवायला लागला. ह्यांनी स्वतः चाक उचलून लावलं. मी टेप आणली. एक टोक ह्यांनी धरलं, एक मी, आणि चारही मापली. सारखी. नव्या जोडीला ह्यांनी पोत्यात घालून ठेवलं. अजून दोन तसेच आणले की चारही एकदम चढवायचे, असं ठरलं. "एकदम," ह्यांनी मला बजावलं, जणू मीच घोळ घातला होता.

सून त्याच संध्याकाळी कोपऱ्यावरच्या अरुंद बोळात गाडी पूर्ण वळवून आली. गाडी लोण्यासारखी वळली. हे पायरीवर उभे राहून ऐकत होते. म्हणाले, "भांडण मिटलं."

गाडी काही साध्वी झाली नाही. अजून पितेच. पण आता शिस्तीत पिते. महिनाअखेरीस सून ऑफिसात गेली ती टाकीच्या पावत्या घेऊन, आणि वर हेही सांगून आली की फेरा बंद केलात तरी मी शहरात येणार नाही, तिकडे दुसरं कोणी बघा. बाईंनी पावत्या बघितल्या, हिच्याकडे बघितलं, आणि म्हणाल्या, बरं, चालू ठेवा. चहा मागवला का, मी विचारलं. मागवला, म्हणाली, आणि ह्या वेळी मलाही दिला.

आठवड्यातून एकदा आता हेही तिच्याबरोबर वर जातात. वरच्या म्हाताऱ्यांपैकी दोघे ह्यांच्या लॉरीच्या काळातले निघाले. पट्टी बदलून होईपर्यंत त्यांच्या गप्पा संपत नाहीत, म्हणून यायला उशीर होतो.

परवाही निघाले. हे पुढच्या सीटवर बसले, टोपी घालून, मोठ्या कामगिरीवर निघाल्यासारखे. सुनेने काच खाली केली.

"आई, आज वर एक नवीन पेशंट आहे. उशीर होईल. जेवायला थांबू नका."

"कोण थांबतंय तुमच्यासाठी!" मी म्हणाले. "मी वेळेवर जेवून झोपणार."

ती हसली, काच वर केली, आणि गेली.

ताटं तीन मांडली आणि झाकून ठेवली.